बाद फेरीच्या तोंडावर संघ कसा लावायचा: खान्देशातल्या बास्केटबॉल प्रशिक्षकांसाठी

साखळी सामने संपत आले की प्रशिक्षक वहीत पुन्हा पुन्हा पाच नावं लिहायला लागतो. खरं तर ती नावं त्याला कधीचीच ठाऊक असतात. जळगावात, धुळ्यात, भुसावळात कोर्टाच्या कडेला उभं राहून सामने बघणारा कुणीही ती सांगेल. बाद फेरीचा सामना फिरतो दोन वेगळ्याच जागी. एक म्हणजे आपला मुख्य खेळाडू बाकावर बसलेला असतो ती सात-आठ मिनिटं. दुसरी म्हणजे समोरच्या संघानं हेरलेला आपला कच्चा खेळाडू. या दोन्हींची उत्तरं साखळीतच शोधून ठेवावी लागतात, कारण तिथला पराभव परवडतो.

उदाहरणं मी मुख्यतः एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, घेतो आहे. तिथे ८२ साखळी सामने, मग प्लेऑफमध्ये, म्हणजे तिथल्या बाद फेरीत, प्रत्येक फेरी सातपैकी चार सामने जिंकणाऱ्याची. आपल्याकडे शालेय किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक सामना हरला की बॅग भरायची. तरी संघ लावताना करायचा विचार तोच राहतो, फक्त चुकीला जागा आणखी कमी मिळते. शिवाय एनबीएच्या फायनल्सचे, म्हणजे अंतिम मालिकेचे, सामने आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात. संघाला सोबत बसवून त्यातला एखादा क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) दाखवा आणि प्रत्येक बदलाच्या वेळी थांबून विचारा, "हा आत का आला?"

यादी आणि नियम आधी

हे काम कंटाळवाणं आहे, पण पहिलं आहे. एनबीएत दुसऱ्या संघानं १ मार्चनंतर सोडलेला खेळाडू नव्या संघाकडून प्लेऑफ खेळू शकत नाही, आणि टू-वे करारावरच्या (मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ यांत विभागून खेळणाऱ्या) खेळाडूलाही प्लेऑफ बंद असतो. म्हणजे कोणावर विसंबायचं हे त्या तारखांनीच ठरतं. आपल्या बारा जणांच्या यादीचंही तसंच आहे. वयाचा दाखला, बोनाफाईड, पात्रतेचा अर्ज यांपैकी एक कागद अडला तरी तुमचा सहावा खेळाडू प्रेक्षकांत बसतो. कोणाची परीक्षा कधी, कोण प्रवेशासाठी पुण्याला जाणार, हेही आत्ताच विचारून घ्या. आपल्याकडे यादीत बारा नावं असली तरी सामन्याच्या दिवशी भरवशाचे आठ-नऊच उरतात. आराखडा त्या आठ-नऊ जणांचाच करा.

स्पर्धेचे नियम छापील स्वरूपात मागून घ्या. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत ४० मिनिटांचा खेळ, खेळाडूला पाच फाउल, पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट. एनबीएत ४८ मिनिटं आणि सहा फाउल. टीव्हीवर बघितलेला आराखडा जसाच्या तसा उचलला तर तो इथेच फसतो.

स्कोअरशीटच्या शेजारी दुसरा कागद ठेवा

साखळीच्या शेवटच्या चार-पाच सामन्यांत बाकावर एक माणूस फक्त याच कामासाठी बसवा. जखमी खेळाडू असेल तर उत्तम, त्याचंही लक्ष सामन्यात राहतं. त्यानं एवढंच करायचं: बदल झाला की घड्याळावरची वेळ, त्या क्षणीचा स्कोअर आणि कोर्टावरच्या पाच जणांचे जर्सी क्रमांक लिहायचे. पुढचा बदल झाला की पुन्हा तेच. सामना संपल्यावर प्रत्येक ओळीपुढे त्या वेळात आपण किती गुण केले आणि किती खाल्ले ते मांडा.

पहिल्या दोन सामन्यांतच काही गोष्टी डोळ्यात भरतात. सर्वाधिक गुण करणारा खेळाडू आत असताना संघ जेमतेम बरोबरीत राहतो आणि कुणाच्या नजरेत न येणारा एखादा खेळाडू आत आला की फरक वाढतो, असं पुष्कळदा दिसतं. तो बहुधा मागे धावत जाणारा, वेळेवर बोलणारा, स्क्रीन नीट लावणारा (सोबत्यासाठी समोरच्याची वाट अंगानं अडवणारा) खेळाडू असतो. स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढे चार गुण असतात, म्हणून निवडीच्या वेळी तो विसरला जातो.

अजून खोलात जायचं असेल तर ताबे, म्हणजे संघाला मिळालेल्या आक्रमणाच्या संधी, मोजा. शॉट्सच्या संख्येतून आपले आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं) वजा करा, त्यात टर्नओव्हर (चेंडू गमावणं) मिळवा आणि फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या शॉटच्या) संख्येला ०.४४ नं गुणून तेही मिळवा. समजा पाच जणांच्या एका संचानं २० शॉट घेतले, ६ फ्री थ्रो मारले, ४ आक्रमक रिबाउंड घेतले आणि ३ वेळा चेंडू गमावला. ताबे झाले साधारण २२. त्या वेळात २६ गुण झाले असतील तर १०० ताब्यांमागे सुमारे १२०. समोरच्या संघाचा आकडा असाच काढा आणि दोन्हींतला फरक बघा. व्यावसायिक संघ नेट रेटिंग म्हणतात ते हेच. यामुळे संथ खेळणारा संच आणि धावणारा संच एकाच मापानं मोजता येतो.

एक सावधगिरी मात्र मनापासून पाळा. पाच जणांच्या एका संचाला चार सामन्यांत मिळून पंचवीस मिनिटं मिळाली असतील, तर त्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. समोरच्यांचे तीन थ्री (तीन गुणांचे शॉट) लागोपाठ गेले तरी तो आकडा उलटा होतो. त्यापेक्षा जोड्या बघा. हा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) आणि हा सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) एकत्र असताना काय होतं? तुमचे दोन बिग, म्हणजे उंच खेळाडू, एकत्र असताना रिबाउंड वाढतात की मागे धावणं मंदावतं? जोड्यांना मिनिटं जास्त मिळालेली असतात, त्यामुळे त्यांचं सांगणं जास्त भरवशाचं असतं. आणि कागद जे सांगतो ते डोळ्यांनाही दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर आणखी एक सामना थांबा.

मिनिटांचा हिशेब

एनबीएच्या सामन्यात एका संघाकडे वाटायला २४० मिनिटं असतात, फिबाच्या सामन्यात २००. साखळीत व्यावसायिक संघ नऊ-दहा जणांत ती वाटतात. प्लेऑफ आला की वाटणी सात-आठ जणांवर येते आणि प्रमुख खेळाडू ३८ ते ४२ मिनिटं खेळतात. कारण साधं आहे. नववा खेळाडू आत असतानाच्या चार मिनिटांत समोरचा संघ त्याच्यावरच तुटून पडतो, कारण त्या संघाकडेही तयारीला वेळ असतो.

४० मिनिटांच्या खेळासाठी एक ढोबळ मांडणी अशी: पहिले पाच प्रत्येकी ३१ मिनिटं, म्हणजे १५५. उरलेली ४५ सहाव्या, सातव्या आणि आठव्यात २०, १५ आणि १० अशी. आता यात आपल्याकडचं वास्तव मिसळा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. सिमेंटच्या कोर्टावर संध्याकाळी सातलाही खालून धग येत असते. अशा वेळी ३१ मिनिटांचा आग्रह धरला तर चौथ्या क्वार्टरमध्ये पाय उचलत नाहीत, शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आपटायला लागतात. उन्हाळी स्पर्धेत पहिल्या पाचांना २७-२८ वर आणा आणि नववा खेळाडू तयार करा. हिवाळ्यातल्या सामन्यांत आठ जण पुरतात.

रोटेशन (आलटून-पालटून खेळवायच्या खेळाडूंची संख्या) आखूड करणं हा काही एकमेव मार्ग नाही. २०२५ च्या अंतिम मालिकेत प्रशिक्षक रिक कार्लाइल यांच्या इंडियाना पेसर्सनी दहा जण वापरले. ओक्लाहोमा सिटीसारख्या साखळीत ६८ सामने जिंकलेल्या संघाला त्यांनी सातव्या सामन्यापर्यंत नेलं. तिसरा सामना त्यांनी ११६-१०७ असा जिंकला तेव्हा बेनेडिक्ट मॅथुरिननं बेंचवरून येऊन २७ गुण केले होते, आणि टी. जे. मॅककॉनेलनं बेंचवरूनच येऊन पाच स्टील काढले होते, म्हणजे पाचदा समोरच्याकडून चेंडू हिसकावला होता. पण पेसर्सचा सगळा खेळ वेगावर उभा होता. ते चेंडू मिळताच धावत आणि समोरच्याला पूर्ण कोर्ट दमवत. तुमचा संघ तसा खेळत असेल तरच दहा जण. संथ, आधी ठरवलेल्या चाली खेळणाऱ्या संघानं दहा जण फिरवले तर कोणाचीच लय बसत नाही.

मुख्य खेळाडू बाहेर असतानाची मिनिटं

माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा. बहुतेक संघांत चेंडू हाताळून खेळ रचणारे दोघं असतात. पहिला उत्तम, दुसरा बरा. प्रशिक्षक दोघांना एकत्र सुरू करतो आणि दमले म्हणून एकत्रच बाहेर काढतो. तिथे चार मिनिटांत दहा गुणांची आघाडी जाते. दोघांना कधीही एकत्र बसवू नका.

त्यासाठी १० मिनिटांच्या क्वार्टरची ही मांडणी करून बघा. पहिला क्वार्टर दोघंही सुरू करतात. सहा मिनिटं झाली की दुसरा खेळाडू बाहेर, पहिला खेळाडू तो क्वार्टर संपवतो. पुढच्या क्वार्टरची सुरुवात दुसरा खेळाडू करतो आणि पहिला खेळाडू चार मिनिटं बसतो. मग पहिला परत येतो आणि दोघं मिळून अर्धा संपवतात. दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा हेच. दोघांचीही ३२ मिनिटं होतात, त्यातली २४ एकत्र, आणि एकही क्षण असा येत नाही की कोर्टावर दोघांपैकी कोणीच नाही. शिवाय पहिल्या खेळाडूच्या चार मिनिटांच्या विश्रांतीला क्वार्टरमधली दोन मिनिटं जोडली जातात, आणि चेंडू बाहेर गेला, फाउल झाला की घड्याळ थांबतं ते वेगळंच. खऱ्या वेळेत त्याला आठ-दहा मिनिटांचा श्वास मिळतो. उन्हाळ्यात यातली दोन-दोन मिनिटं अजून कापा.

मग प्रश्न उरतो तो दुसऱ्या खेळाडूसोबत त्या चार मिनिटांत कोण असणार याचा. इथे उरलेसुरले चार जण टाकण्याची सवय मोडा. तो जर पास करणारा असेल तर सोबत दोन शूटर हवेत. तो जर स्वतः घुसणारा असेल तर रिंगखालची जागा रिकामी ठेवणारा बिग हवा. त्या संचाला स्वतःच्या दोन ठरावीक चाली द्या, फक्त दोन, आणि सरावात रोज पंधरा मिनिटं त्याच पाच जणांना पहिल्या पाचांसमोर उभं करा. त्यांनी ती चार मिनिटं बरोबरीत काढली तरी काम झालं.

बेंचवरून येणं म्हणजे दुय्यम असणं, ही समजूत आपल्या पोरांच्या मनात फार पक्की असते. त्यांना मानू जिनोबिली दाखवा. सॅन अँटोनियो स्पर्ससोबत चार विजेतेपदं जिंकणारा हा खेळाडू कारकिर्दीचा मोठा भाग बेंचवरून आला, आणि त्याचं कारण हेच होतं: टोनी पार्कर आणि टिम डंकन बसले की खेळ चालवायला कुणीतरी हवं होतं.

सामना संपवणारे पाच

सुरुवात करणारे पाच आणि शेवट करणारे पाच वेगळे असू शकतात, आणि बरेचदा असायला हवेत. शेवटच्या चार मिनिटांत काय लागतं ते बघा. दबावात चेंडू न गमावणं, फ्री थ्रो, डिफेन्समध्ये एकही फट नसणं, आणि समोरच्याचा शॉट चुकला की तो रिबाउंड आपल्याच हातात येणं. जो उंच खेळाडू टिपऑफ (सुरुवातीची उडी) जिंकून देतो आणि पहिल्या क्वार्टरमध्ये रिंगखाली दरारा बसवतो, तोच शेवटी फ्री थ्रोवर ढासळत असेल तर समोरचा संघ त्याला मुद्दाम फाउल करणार. शॅकील ओनीलच्या बाबतीत संघांनी वर्षानुवर्षं तेच केलं.

म्हणून आत्ता सरावाच्या शेवटी, सगळे दमलेले असताना, प्रत्येकाला दोन-दोन फ्री थ्रो मारायला लावा आणि रोज लिहून ठेवा. ताज्या पायांवरचे आकडे शेवटच्या मिनिटाबद्दल काहीच सांगत नाहीत. दोन आठवड्यांची नोंद झाली की आघाडी राखायची असताना चेंडू कोणाच्या हातात द्यायचा हे विचारायची गरज उरत नाही.

शेवटच्या चार मिनिटांसाठी दोन संच लिहा, आघाडीवर असतानाचा आणि पिछाडीवर असतानाचा. घड्याळ थांबलेलं असताना डिफेन्ससाठी एक आणि आक्रमणासाठी दुसरा असे बदलही करता येतात, पण त्यासाठी टेबलवर वेळेत कळवायची सवय लागते. ती सवय साखळीतच लावा.

आपल्यातला कच्चा दुवा समोरच्याआधी आपणच शोधा

प्लेऑफमध्ये चांगले संघ पाच जणांशी खेळत नाहीत, ते एकाशी खेळतात. २०१६ च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना आठवा. ८९-८९ बरोबरी, मिनिटभराहून कमी वेळ. क्लीव्हलँडनं स्क्रीन लावून स्विच, म्हणजे डिफेंडरांची अदलाबदल, करायला भाग पाडलं, कायरी अर्व्हिंगसमोर स्टीफन करी आला, आणि ५३ सेकंद उरले असताना अर्व्हिंगनं त्याच्या डोक्यावरून थ्री मारला. करी त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता. तरीही डिफेन्सपुरता त्याला हेरला गेला. सामना ९३-८९ असा गेला आणि १-३ अशा पिछाडीवरून क्लीव्हलँडनं विजेतेपद नेलं.

दुसरं उदाहरण उंच खेळाडूचं. २०२१ मध्ये साखळीत सर्वाधिक ५२ सामने जिंकणाऱ्या युटा जॅझकडे रुडी गोबेर हा त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेंडर होता. त्याची ताकद रिंगखाली. प्लेऑफमध्ये त्यांच्यासमोर आलेले क्लिपर्स पहिले दोन सामने हरले आणि मग त्यांनी पाचही शूटर बाहेर उभे करायला सुरुवात केली. गोबेरला रिंग सोडून कोपऱ्यापर्यंत यावं लागलं, किंवा कोपरा मोकळा सोडावा लागला. सहाव्या सामन्यात टेरन्स मॅननं ३९ गुण केले, क्लिपर्सनी २० हून अधिक गुणांची पिछाडी भरून काढली आणि मालिका ४-२ अशी जिंकली.

यातून आपल्यासाठी करायचं काम असं. सरावात दुसऱ्या फळीतल्या तुमच्या सर्वांत हुशार खेळाडूला विरोधी प्रशिक्षक बनवा. त्याला सांगा, "या पहिल्या पाचांत तुला ज्याच्याकडून गुण काढायचेत त्याला निवड, आणि दहा ताबे फक्त त्याच्यावरच खेळ." मग दुसऱ्याला निवडायला लावा. दोन दिवसांत कळतं की कोण मागे पडतो, कोण स्क्रीनवर अडकतो, कोणाला मदतीला जायचं भान राहत नाही. मुलांना हा सराव कठोर वाटतो. ज्याला निवडलं जातं त्याचा चेहरा उतरतो. त्याला आधीच सांगून ठेवा की हा सराव त्याच्यासाठीच आहे, आणि खरोखर तसाच तो घ्या.

कच्चा दुवा सापडला की तीन वाटा असतात. त्याला लपवणं, म्हणजे समोरच्या सर्वांत कमी शॉट घेणाऱ्यासमोर उभं करणं आणि त्याच्या स्क्रीनवर स्विच न करणं. झोनमध्ये जाणं, म्हणजे प्रत्येकानं खेळाडूऐवजी आपली जागा राखणं. किंवा शेवटच्या पाचांतून त्याला काढणं. आपल्या भागात पहिल्या दोन वाटा जास्त चालतात. फिबाच्या नियमांत डिफेन्सला तीन सेकंदांची मर्यादा नाही, त्यामुळे उंच खेळाडू रिंगखाली ठाण मांडून उभा राहू शकतो. शिवाय उघड्या कोर्टावर वारा असतो, धूळ असते, ६.७५ मीटरवरून सातत्यानं थ्री मारणारे पाच जण फार थोड्या संघांकडे असतात. क्लिपर्सनी गोबेरचं केलं तसं तुमच्या सेंटरचं करणं इथल्या बहुतेक संघांना जमणार नाही. टीव्ही बघून छोटा (उंच सेंटर नसलेला) संच खेळवायची घाई म्हणूनच करू नका. अपवाद एकच: विभागीय फेरीला नाशिकला बंदिस्त लाकडी कोर्टावर खेळायचं असेल, तर तिथे शूटिंग वेगळं होतं. त्या सामन्यासाठी एक चपळ संच राखून ठेवा.

नवा संच कधी आणायचा

२०१५ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट १-२ नं मागे होतं. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी उंच अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इगुडालाला सुरुवातीला उतरवलं. इगुडालानं त्या हंगामात तोवर एकही सामना सुरू केला नव्हता. संघ १०३-८२ जिंकला, पुढचे दोनही जिंकला, आणि इगुडाला मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही कल्पना निक युरेन या तरुण सहायकानं व्हिडिओ बघताना सुचवली होती. तिला २०१४ च्या अंतिम मालिकेचा दाखला होता. स्पर्सनी तिसऱ्या सामन्यात उंच स्प्लिटरऐवजी बोरिस डियावला सुरुवातीला आणलं, पहिल्याच अर्ध्यात ७१ गुण केले आणि मालिका ४-१ अशी नेली.

या दोन्ही गोष्टी सांगताना एक बाब सुटते. डियाव किंवा इगुडाला त्या दिवशी पहिल्यांदा त्या सोबत्यांबरोबर खेळले नव्हते. हे संच हंगामात बेंचच्या बदलांतून तयार झालेले होते, फक्त सुरुवातीला आणलेले नव्हते. बाद फेरीत उतरवायचा प्रत्येक संच साखळीत निदान तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं खेळलेला हवा. साखळीत वीस गुणांनी आघाडी असेल तर ती मिनिटं याच कामाला वापरा.

उलट उदाहरणही बघा. २०२५ च्या फायनल्सच्या पहिल्या सामन्यात ओक्लाहोमाचे प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट यांनी उंच आयझाया हार्टेनस्टाइनऐवजी केसन वॉलेसला सुरू केलं. तो सामना ओक्लाहोमा शेवटच्या क्षणी ११०-१११ असा हरलं. १-२ पिछाडीवर चौथ्या सामन्यात हार्टेनस्टाइन परत आला, संघ जिंकला आणि अखेर विजेता ठरला. बदल मागे घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. तो तुम्हालाही वाटू देऊ नका.

फाउल

पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल झाले की मुख्य खेळाडूला अर्ध्या वेळेपर्यंत बसवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मला ती पटत नाही. तो पाच फाउलवर बाहेर जाईल या भीतीनं आपणच त्याला बारा मिनिटं बाहेर ठेवतो. क्वार्टर संपेपर्यंत बसवा, दुसऱ्या क्वार्टरमध्ये झोन लावून आत आणा, आणि चेंडूवाल्या खेळाडूपासून दूर ठेवा. तिसरा फाउल झाला तर मात्र तिसऱ्या क्वार्टरपर्यंत थांबा.

विश्रांती आणि क्रमवारी

२०१३-१४ च्या साखळीत स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही, आणि तेच विजेते ठरले. २०१८-१९ मध्ये टोरांटोनं कावाय लेनर्डला ८२ पैकी ६० सामने खेळवलं आणि जूनमध्ये विजेतेपद घेतलं. याची दुसरी बाजू २८ एप्रिल २०१२ ला दिसली. शिकागो प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात १२ गुणांनी पुढे, १ मिनिट २२ सेकंद बाकी, डेरिक रोज अजून कोर्टावर. त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. क्रमवारीत पहिला असलेला तो संघ आठव्या क्रमांकाच्या फिलाडेल्फियाकडून ४-२ असा हरला. सामना हातात आला की मुख्य खेळाडूला लगेच बाहेर घ्या, त्यानं कितीही विनवलं तरी.

विश्रांती देताना गटाचं गणित मात्र तपासा. फिबाच्या पद्धतीत बरोबरीतल्या संघांत आधी आपसातला निकाल आणि मग गुणफरक बघतात. शेवटचा साखळी सामना बेफिकिरीनं मोठ्या फरकानं हरलात तर उपांत्य फेरीत बलाढ्य संघ समोर येतो. विश्रांती द्यायची असेल तर आधीच्या सामन्यात द्या.

प्रवासही मोजा. नंदुरबारहून जळगावला सकाळच्या गाडीनं येऊन दुपारी खेळायचं असेल तर पहिल्या क्वार्टरमध्ये पाय जड असतात. त्या दिवशी बदल दोन मिनिटं आधी करा. शक्य असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या आणि त्या रात्री झणझणीत शेवभाजीऐवजी साधं वरण-भात-पोळी द्या. रावेर-यावलची केळी आपल्या दारात पिकतात. अर्ध्या वेळेला अर्धं केळं आणि मीठ-साखरेचं पाणी, यापेक्षा चांगलं काही विकत आणायची गरज नाही.

खेळाडूंना सांगणं

ज्याची मिनिटं कमी होणार त्याला ते तुमच्या तोंडून, एकट्यात, सामन्याच्या निदान दोन दिवस आधी कळलं पाहिजे. यादी भिंतीवर लागल्यावर कळता कामा नये. तो विचारेल, "सर, माझं काय चुकलं?" खरं उत्तर द्या. "चुकलं काही नाही रे. त्यांचा आठ नंबर डावीकडून घुसतो, त्याच्यासमोर मला लांब हाताचा पोरगा हवाय. तू दुसऱ्या क्वार्टरला पहिली चार मिनिटं आहेस, आणि ती चार मिनिटं तुझीच आहेत." प्रत्येकाला आपण कधी जाणार आणि आत जाऊन कोणतं एक काम करायचं हे ठाऊक असेल तर तो बाकावरही तयार बसतो. मुलींच्या संघात मी हेच करायला सांगेन, आणि तिथे घरच्यांशीही बोला. लांबून सामना बघायला आलेल्या आई-वडिलांना मुलगी बाकावर का आहे हे प्रशिक्षकानं स्वतः सांगितलं की त्यांचा संघावरचा विश्वास वाढतो.

सामन्याच्या दिवशीचं कार्ड

एवढं सगळं एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मावलं पाहिजे. वरच्या भागात चार क्वार्टरचे चार चौकोन, प्रत्येकात कितव्या मिनिटाला कोण आत आणि कोण बाहेर. खाली शेवटचे दोन संच, आघाडीचा आणि पिछाडीचा. मागच्या बाजूला दोन फाउल झाल्यास कोणाच्या जागी कोण, आणि समोरच्यांनी झोन लावला तर कोणते दोन शूटर आत, एवढंच. कार्डाची एक प्रत सहायकाकडे द्या आणि मिनिटं मोजायचं काम त्याच्यावर सोपवा, म्हणजे तुमचे डोळे खेळावर राहतील.

कार्डापासून केव्हा हटायचं हेही आधीच ठरवा. एखाद्या संचानं लागोपाठ आठ गुण खाल्ले तर आधी टाइमआउट घ्या आणि बघा, ते गुण कसे गेले? मोकळे शॉट आपले चुकले आणि त्यांचे अवघड शॉट गेले असतील तर तोच संच परत पाठवा. एकाच खेळाडूवरून सलग तीनदा रिंगपर्यंत वाट मिळाली असेल तर त्याला लगेच बदला, कार्डावर त्याची अजून पाच मिनिटं उरली असली तरी.

सामना जिंकलात तर त्याच रात्री झोपण्याआधी सहायकासोबत कार्ड आणि नोंदींचा कागद शेजारी ठेवून बसा, आणि उपांत्य फेरीचं नवं कार्ड कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहा. समोरचा संघ वेगळा असतो, त्याचा आठ नंबरही वेगळा असतो.